मुक्यानं सारवलेलं घर

चैत्र सरता सरता महारुद्र कळंबच्या बाजाराला गेला तो एवढ्याचसाठी, की हळद, कुंकू आणि एका पोळीपुरता डाळ-गूळ आणायचा होता. दुकानदार ओळखीचा. सवयीनं त्यानं विचारलं, "वैनी न्हाय आल्या?" आणि मग स्वतःच जीभ चावली. महारुद्रनं पुड्या पिशवीत टाकल्या. त्याला राग आला नाही आणि वाईटही वाटलं नाही. माघापासून त्याला कशाचंच काही वाटत नव्हतं. जेवण पुढं आलं की जेवायचा, कुणी हाक मारली की उठायचा, आणि बाकी वेळ बसलेल्या जागी बसून राहायचा.

आमच्या धाराशिव जिल्ह्यात एक बेट आहे म्हटलं की लोक हसतात. समुद्र बघायचा तर एसटीत बसून हाडं खिळखिळी करून घ्यावी लागतात, आणि इथं म्हणे बेट! पण आहे. धरण झालं तेव्हा खालची ढोकरवाडी पाण्यात गेली आणि गावामागचं लांबलचक, चिंचोळं टेकाड तेवढं वर राहिलं. त्याला पाठाड म्हणतात. सरकारनं पलीकडच्या काठाला प्लॉट दिले. बरेच तिकडं गेले. ज्यांची जमीन पाठाडावर होती ते मात्र आज जाऊ, उद्या जाऊ करत इथंच राहिले, आणि त्यात दोन पिढ्या निघून गेल्या. आता तिथं सौरदिवे आहेत, मोबाईलला रेंज आहे, फक्त पूल नाही. दुधाचे कॅन, शेळ्या, खताची पोती, शाळेची पोरं, सगळं काहिलीतून जातं. काहील म्हणजे गूळ करायची मोठी लोखंडी कढई. ती गोल असते, त्यामुळं वल्हं थांबलं की जागच्या जागी फिरायला लागते. पाठाडावर आलेली नवरी पहिल्या फेरीत ओकली नाही, असं आजवर झालेलं नाही.

प्रेमलासुद्धा ओकली होती. महारुद्र तेव्हा पोट धरून हसला होता आणि तिनं त्यावरून चार दिवस अबोला धरला होता.

माघात तिला ताप आला. ताप डोक्यात चढला तेव्हा त्यानं तिला गोधडीत गुंडाळून काहिलीत ठेवलं आणि एकट्यानं वल्हं मारत पलीकडं नेलं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, वाटेतच गेल्या. वाटेत म्हणजे पाण्यावर. नेमकं कुठल्या पाण्यावर, ते त्याला कळलं नाही. तो वल्हं मारत होता.

आता या बाजाराचं कारण सांगितलं पाहिजे. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरतं आणि जुनी ढोकरवाडी उघडी पडते. भिंती केव्हाच विरघळून गेल्या, पण जोती आहेत, दगडी उंबरे आहेत, आणि मधोमध मारुतीचा पार आहे. पाणी उतरलं की पाठाडावरची प्रत्येक घरची बाई खाली जाते. आपल्या जुन्या घरातला गाळ काढते, शेणानं भुई सारवते, उंबऱ्याला हळदकुंकू लावते, तीन दगडांवर एक पोळी भाजते, तिथंच ठेवते आणि "येते" म्हणून निघते. घराला वाटू नये की आपल्याला टाकून दिलं, म्हणून हे सगळं करायचं. आणि करायचं ते मुक्यानं. खाली उतरल्यापासून वर येईपर्यंत त्या एका "येते"शिवाय एक शब्द बोलायचा नाही. पुरुष तिकडं फिरकत नाहीत. धरणानंतर जन्मलेल्या पुरुषांना आपलं घर कुठलं हेसुद्धा धड माहीत नसतं. बायका सासूकडून शिकतात.

महारुद्रची आई कडूबाई हे काम सुनेला शिकवून मोकळी झाली होती. आता सून नव्हती, आणि कडूबाईच्या दोन्ही डोळ्यांत पांढरं उतरलेलं. नात निकिता दुसरीत. म्हणजे उरला महारुद्र.

"या साली तरी चुकवू नगं रं," कडूबाई म्हणाली होती. "गेलेली बाई साल भरेस्तवर खालच्या घरी जाऊन बसती. घर सारवलं की मोकळी व्हती. प्रेमला तिथं बसली असल."

"बरं."

"मारुतीच्या पाराच्या उजव्या हाताला, पाराला लागून पयलं जोतं. ते आपलं. ध्यानात राहील न्हवं?"

"राहील."

ध्यानात राहिलंही. चूक झाली ती वेगळीच. पाठाडावरच्या बायका टेकाड उतरून, पायी, वरच्या अंगानं गावात येतात. त्यांचा उजवा हात म्हणजे त्या बाजूचा उजवा हात. महारुद्र कळंबहून परतत होता. शेण, फावडं, बादली, तवा सकाळीच काहिलीत ठेवलेलं. पुन्हा वर घरी जाऊन उतरायचं कशाला, म्हणून त्यानं काहील नदीच्या अंगानं गावाला लावली आणि खालच्या बाजूनं चढला. पार समोर आला. तो उजव्या हाताला वळला. प्रेमला असती तर म्हणाली असती, डोकं कुठं ठेवून आलात? पण त्याचं डोकं कुठंच नव्हतं.

ऊन चांगलं तापलं होतं. आजूबाजूच्या जोत्यांवर बायका वाकून कामाला लागल्या होत्या, सगळ्या गप्प. फावड्यांचा खरखराट आणि ओल्या शेणाचा वास, एवढंच. महारुद्र जोत्यावर चढला तेव्हा शेजारची सिताबाई ताठ उभी राहिली आणि तिनं पदर तोंडावर धरला. त्याला वाटलं, कीव आली असेल. बाईमाणसाचं काम गड्याला करायची वेळ आली म्हणून. सिताबाईनं दोन पावलं पुढं टाकली, थांबली, आणि माघारी फिरली. बोलायचं नव्हतं ना.

या जोत्यावर गाळ हातभर होता. दरसाल सारवलेल्या भुईला असतात तसे शेणाचे पापुद्रे खाली लागले नाहीत, नुसती खडबडीत, लालसर जमीन लागली. त्याला ते दिसलं, पण त्यावर विचार करावा इतकी ताकद नव्हती. शेण कालवलं आणि गुडघ्यावर बसून सुरुवात केली. कधी केलेलं नसल्यानं हात वेडेवाकडे पडत होते. निम्मी खोली झाली तेव्हा पाणी संपलं. तो बादली घेऊन काठाला गेला.

परत आला तर भुई पुरी सारवून झाली होती.

तो बादली धरून उंबऱ्याबाहेर उभा राहिला. इकडची निम्मी त्याची, गचाळ. तिकडची निम्मी सुबक, कमानीला कमान लागलेली, ओली. आपणच केली असेल, असं त्याला वाटलं. हल्ली असं व्हायचं. धार काढून झाल्यावर तो पुन्हा चरवी घेऊन म्हशीकडं जायचा. प्रेमलानं केली असेल, असंही एकदा मनात आलं, आणि माघापासून पहिल्यांदा त्याच्या छातीत काहीतरी हललं. त्यानं तीन दगड मांडले. काटक्या ओलसर होत्या तरी एका काडीत पेटल्या. पोळी जाड झाली, एका बाजूला करपली. ती चुलीपाशी ठेवून, उंबऱ्याला कुंकू लावून तो हळूच म्हणाला, "येतो."

दुपारी सिताबाई कडूबाईकडं येऊन बसली. चहा प्याली, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं, आणि काही न सांगता निघून गेली. सांगायचं तर एक नाव तोंडातून काढावं लागलं असतं, आणि पाठाडावर ते नाव कुणी काढत नाही.

त्यानंतर घरात बरं वाटायला लागलं.

आता हे भयाचं म्हणून सांगावं असं तेव्हा काही नव्हतंच. महारुद्र रानातून यायचा तर अंगण सारवलेलं असायचं. रांजण भरलेला. चुलीत निखारे राखेखाली झाकलेले. त्याला वाटायचं, माय चाचपडत करते. मायला वाटायचं, लेक करतो. आणि विचारायचं कुणीच कुणाला नाही, कारण विचारलं की प्रेमलाचा विषय निघणार. निकिताचे केस आई गेल्यापासून झिंज्या झाले होते, महारुद्रला वेणी घालता येत नव्हती. एका दुपारी ती अंगणात खेळत होती, आणि तिच्या पाठीवर तेल लावलेली, घट्ट, चापूनचोपून घातलेली वेणी होती.

"कुणी घातली गं?"

"आईनं."

त्याला वाटलं, पोर आहे, म्हणायचंच तिनं. पण दुसऱ्या दिवशी रानात जाताना त्याचं पाऊल अडखळलं, आणि दिवस कलायची वाट न बघता तो लवकर परत आला. अंगणात निकिता एकटीच बसली होती, मान मागं टाकून, डोळे मिटून. तिच्यामागं कुणी नव्हतं. केस मात्र हलत होते. एक पेड दुसऱ्यावर जात होता, सावकाश, सवयीच्या हातानं पडावा तसा.

महारुद्र कुंपणापाशी उभा राहून बघत राहिला. पळावं असं त्याला वाटलं नाही, उलट बसून घ्यावं असं वाटलं. माणूस आतून बधिर झालं की भीतीलासुद्धा आत शिरायला वाट सापडत नाही. घर सारवलं तरी प्रेमला गेली नाही, एवढंच त्याच्या मनात आलं, आणि ते त्याला गोड वाटलं.

कडूबाईला कळलं ते हातानं. उकाडा होता म्हणून ती सकाळी दारात भुईवर आडवी झाली, तळवा सारवणावरून फिरला, थांबला, पुन्हा फिरला. मग ती उठून गुडघ्यांवर सगळी ओसरी चाचपत गेली.

"महारुद्रा. हे तू सारवलंस?"

"न्हाय. मला वाटलं तूच."

"हे डावऱ्या हाताचं हाय."

त्यानं वाकून सारवणाकडं बघितलं.

"प्रेमला उजवी व्हती. म्या उजवी. कमान उलटी पडलीया ही…" तिचा आवाज एकदम खाली गेला. "खाली कुठनं गेलास तू? वरनं उतरलास का नदीकडनं चढलास?"

"नदीकडनं."

कडूबाईनं कपाळावर हात मारून घेतला नाही की ती रडली नाही. ती भिंतीला टेकून बसली आणि जवळ ये अशी खूण केली. मग जे नाव तिनं आयुष्यभर तोंडावर आणलं नव्हतं ते कानात सांगावं तसं सांगितलं. पाराच्या दुसऱ्या अंगाला हरणाबाईचं घर. डावरी होती. मूल नव्हतं. बारशाला कुणी बोलवायचं नाही, बोलावलं तर पाळण्याला हात लावू द्यायचं नाही. धरणाचं पाणी आलं त्या दिवशी सगळं गाव टेकाडावर चढलं. नवरा रेवणप्पा तिला न्यायला माघारी गेला आणि एकटाच वर आला. म्हणाला, ती उमरग्याला भावाकडं गेलीय. कुणी पुढं विचारलं नाही. उमरग्याहून कुणी कधी आलं नाही.

"आमी समद्यांनी वरनं बघितलं व्हतं रं. तिच्या दारातनं धूर निघत व्हता. पाणी उंबऱ्याला लागलं तरी निघत व्हता. ती सैपाक करत व्हती. कुणी हाक मारली न्हाय."

तेव्हापासून ते जोतं सोडून सगळी जोती सारवली जातात. आणि पाठाडावर एक समज आहे, सगळ्या बायकांना ठाऊक असलेला: जो दुसऱ्याचं घर सारवतो, त्याचंच ते घर होऊन बसतं.

"तू तिचं घर घेतलंस," कडूबाई म्हणाली. "आता ती आपलं घेतीया. घराबिगर तिला काय पायजे ते मला नगं सांगाया लावू…"

महारुद्रनं अंगणात बघितलं. निकिता सागरगोटे खेळत होती. वेणी पाठीवर सरळ पडली होती.

"खाली जातो. आपलं घर सारवतो. तिचं धुऊन टाकतो."

"जा मग. लगीच जा."

पण वर कुठं तरी पाऊस झाला होता, वरच्या धरणाचे दरवाजे उघडले होते, आणि इकडं टिपूस नसताना पाणी चढलं होतं. महारुद्र टेकाडाच्या कडेला जाऊन उभा राहिला. ढोकरवाडी नव्हती. नुसतं चकाकणारं पाणी, आणि त्यातून वर आलेलं, पारावर रोवलेल्या मारुतीच्या निशाणाच्या काठीचं टोक.

म्हणजे प्रेमलाचं घर या वर्षी तसंच राहिलं. ती तिथं बसून राहिली असेल, पाराच्या पलीकडच्या जोत्यावर नवरा गुडघे टेकून दुसरीची भुई सारवताना बघत राहिली असेल, आणि तिनं हाकही मारली नसेल. तिथं बोलायचं नसतं. हा विचार आला तेव्हा त्याला वाटलं होतं की आता रडू येईल. आलं नाही.

ठरलं ते पटकन. प्रेमलाचा भाऊ बालाजी कळंबला राहतो, फरशीचं घर आहे. निकिताला आजच्या आज तिकडं पोचवायचं. महारुद्रनं आईलाही चल म्हटलं.

"घर मोकळं पडलं तर ती पोरीच्या मागं येईल," कडूबाई म्हणाली. "कुणी तरी बसाया पायजे. म्या हाय. हाक मारली न्हवती तवा… आता बसते तिच्यासंगं."

त्यानं वाद घातला नाही. पुढं त्याला या गोष्टीचं फार लागायचं, की आपण वाद घातला नाही.

दुपार कलली होती. वारा नव्हता. निकिता काहिलीत दप्तर मांडीवर घेऊन बसली आणि महारुद्रनं वल्हं मारायला सुरुवात केली. मागं ओसरीत आई दिसत होती, भिंतीला टेकलेली, तोंड घराच्या आत वळवून कुणाशी तरी बोलत असल्यासारखी. त्यानं मान फिरवून घेतली. मारुतीच्या काठीचं टोक जवळ आलं. या पाण्याखाली पार, पाराच्या एका अंगाला एक घर, दुसऱ्या अंगाला एक.

निकितानं कड धरून हात पाण्यात सोडला होता.

"अण्णा, हितलं पाणी ऊन हाय."

"वरनं तापलंय."

"न्हाय. खालनं ऊन हाय."

त्यानं वल्हं आत घेतलं आणि स्वतःचा हात पाण्यात घातला. खरंच ऊन होतं. चुलीपाशी ठेवलेल्या पाण्यासारखं, हाताला सुखावणारं. त्याला वास आला. पोळीचा, एका बाजूनं करपलेल्या नाही, चांगल्या, तुपावर भाजलेल्या पोळीचा. प्रेमला भाजायची तशी. आणि माघापासून छातीत जे दगड होऊन बसलं होतं ते एकदम फुटलं. तो काहिलीच्या कडेवर वाकून हुंदके देऊन रडायला लागला. चुकलं माझं, घर चुकलं, पुढल्या साली येतो, वरनं उतरून येतो, असं काहीबाही पाण्याला सांगत राहिला. किती बरं वाटलं त्याला! दुखत होतं, आणि दुखतंय याचंच बरं वाटत होतं.

वल्हं आत घेतल्यावर काहील फिरायला लागली होती. त्याच्या ध्यानात आलं तेव्हा ती दोन-तीनदा तरी फिरून झाली असेल. मारुतीची काठी आता या बाजूला होती, मग त्या बाजूला गेली. आपण पाराच्या कुठल्या अंगाला आहोत, ते त्याला सांगता येईना.

"निकिता. हात काढ पाण्यातला."

"सोडंना."

"कोण?"

"आई."

पोरीचा चेहरा शांत होता. महारुद्रनं तिचा दुसरा हात धरला. तो घट्ट धरला, पण ओढावा की नाही हे त्याला कळेना. खाली प्रेमला असली तर? आपल्या लेकराचा हात क्षणभर धरला तर तिचं काय चुकलं? पलीकडूनही कुणी ओढत नव्हतं. कड वाकली नव्हती, पाणी हललं नव्हतं. तुळजापूरच्या जत्रेत आई-बापांच्या मधून चालावं तशी निकिता दोन्हीकडं हात देऊन बसली होती.

"आईच हाय ना गं?" त्यानं विचारलं. "नीट बघ. आईच हाय ना?"

निकितानं पाण्याकडं कान केला आणि थोडा वेळ ऐकलं.

"व्हय, आईच हाय," ती म्हणाली. "इचारती, तुझं नाव काय म्हणून. सांगू का?"